मंगळवारी मत, पण सुट्टी नाही: अमेरिकेतला आगाऊ मतदानाचा वाद

महाराष्ट्रात निवडणूक लागली की शासनाचं परिपत्रक ठरलेलं असतं: मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी, आणि जिथे पूर्ण दिवस देणं शक्य नाही तिथे काही तासांची सवलत. त्यामुळे अमेरिकेत राहायला गेलेल्या आपल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो याचा, की राष्ट्राध्यक्ष निवडायचा दिवस हा तिथे साधा कामाचा मंगळवार असतो. ऑफिस चालू, मीटिंगा चालू. मत द्यायचं तर कामाआधी, कामानंतर किंवा साहेबाला विचारून.

यावर दोन उपाय गेली कित्येक वर्षं सुचवले जातात. एक, मतदानाचा दिवस राष्ट्रीय सुट्टीचा करा. दोन, मतदान एका दिवसात कोंबू नका, आधीचे काही दिवस किंवा आठवडे केंद्रं उघडी ठेवा. दोन्ही उपाय एकाच दमात मांडले जातात, पण ते वेगवेगळ्या दुखण्यांवरचे आहेत. कोणता उपाय कुणाच्या पदरात काय टाकतो, हे पाहिलं की वादाचा निम्मा धुरळा बसतो.

मंगळवारच का?

अमेरिकन काँग्रेसने २३ जानेवारी १८४५ रोजी कायदा केला: नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. त्याआधी प्रत्येक राज्य आपापला दिवस ठरवायचं. अट एवढीच, की डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी निर्वाचक मंडळाची (राष्ट्राध्यक्षाला औपचारिकपणे निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची) बैठक व्हायची, तिच्या आधीच्या ३४ दिवसांत राज्याने निर्वाचक निवडलेले असावेत. त्यात दोन घोटाळे होत. एका राज्याचा निकाल शेजारच्या राज्यातल्या मतदाराच्या कानावर आधीच जायचा, आणि सीमेवरचा माणूस इकडे एक मत देऊन तिकडे दुसरं द्यायला जाईल अशी भीती असायची. म्हणून सगळीकडे एकच दिवस.

‘पहिला मंगळवार’ असं सरळ न म्हणता ‘पहिल्या सोमवारनंतरचा’ असा वळसा का, याचं उत्तर निव्वळ बेरजेत आहे. १ नोव्हेंबरला मंगळवार आला तर डिसेंबरचा पहिला बुधवार ७ तारखेला येतो. मधले दिवस ३६. जुनी ३४ दिवसांची मर्यादा मोडते. वळशाच्या नियमाने त्याच वर्षी मतदान ८ नोव्हेंबरला होतं आणि अंतर २९ दिवसांचं राहतं, दर वेळी तेवढंच. त्यामुळे तारीख नेहमी २ ते ८ नोव्हेंबरच्या दरम्यान पडते.

मंगळवार आला तो शेतकऱ्यांच्या सोयीने. सुगी आटोपलेली, बर्फ पडून रस्ते बंद व्हायचे अजून बाकी. मतदानाचं ठिकाण तालुक्याच्या गावी, घोडागाडीने कधीकधी दिवसभराची वाट. रविवार चर्चचा, म्हणून सोमवारी निघायचं, मंगळवारी मत द्यायचं, आणि बुधवारी बऱ्याच ठिकाणी बाजार. थोडक्यात, हा मंगळवार १८४५ च्या कष्टकरी मतदाराच्या सवडीनेच निवडला होता. सवड बदलली, वार तोच राहिला. प्रतिनिधिगृहाची निवडणूक १८७२ च्या कायद्याने याच दिवसाला बांधली गेली. सिनेटर थेट लोकांनी निवडायचं ठरल्यावर १९१४ मध्ये तीही.

सुट्टी जाहीर केली म्हणजे नक्की काय होईल?

‘राष्ट्रीय सुट्टी’ या शब्दाने भारतीय वाचकाची इथे हमखास फसगत होते. आपल्याकडे १५ ऑगस्ट म्हणजे कारखान्यापासून बँकेपर्यंत सगळं बंद. अमेरिकेत संघराज्याच्या सुट्ट्या ११ आहेत, पण त्यांचा कायदा लागू होतो संघराज्याच्या कर्मचाऱ्यांना. बँका, टपाल, न्यायालयं बंद राहतात, शाळा बहुधा राहतात. खासगी मालकाने मात्र सुट्टीच्या दिवशी पगारी रजा द्यावी, असं तिथला केंद्रीय कामगार कायदा म्हणत नाही. द्यायची की नाही हे मालक आणि कामगार यांच्यातल्या करारावर.

आता एखाद्या गोदामात किंवा सुपरमार्केटात तासावर काम करणारी बाई डोळ्यांसमोर आणा. मतदानाचा दिवस सुट्टीचा झाला. तिचं दुकान बंद नाही, उलट सुट्टी म्हणून सेल लागला. फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेला अमेरिकेत गाद्या आणि मोटारींचे सेल कसे लागतात, ते तिथे राहिलेल्या कुणालाही विचारा. म्हणजे तिची पाळी रद्द व्हायच्या ऐवजी लांबली. मुलाची शाळा बंद, म्हणून त्याला कुणाकडे ठेवायचं हा नवा प्रश्न. बस सुट्टीच्या वेळापत्रकाने, म्हणजे कमी. आणि सरकारी कचेरीतला कारकून, ज्याला आधीही संध्याकाळी पाच वाजता निघून मत देता येत होतं, तो घरी. सुट्टी मिळते ती ज्यांना सुट्ट्या मिळतच असतात त्यांना. या प्रस्तावावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच, आणि तो खोडून काढायला अजून कुणाला फारसं जमलेलं नाही.

पुरावाही त्याच बाजूचा आहे. अर्थतज्ज्ञ हेन्री फार्बर यांनी २००९ मध्ये तपासलं, की ज्या राज्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना मतदानाची सुट्टी आहे तिथे त्यांचं मतदान वाढतं का. मोजता येईल असा परिणाम सापडला नाही.

मग सुट्टीचा उपयोगच नाही का? आहे, पण तो मतदारापेक्षा केंद्राला. अमेरिकेत बरीच केंद्रं शाळांत असतात. शाळा भरलेली असताना दिवसभर अनोळखी माणसं आत-बाहेर करणार म्हटल्यावर मुख्याध्यापक नको म्हणतात. शाळा बंद असली की जागा मिळते, गाड्या लावायलाही मिळते. केंद्रावर काम करणारी माणसं तिथे मुख्यतः निवृत्त मंडळी असतात, कारण मंगळवारी सकाळी सहापासून रात्रीपर्यंत बसायला नोकरदार येणार कुठून? सुट्टी असली तर शिक्षक, विद्यार्थी, सरकारी नोकर या कामाला येऊ शकतात. केंद्रं जास्त, माणसं जास्त, म्हणजे रांग छोटी. सुट्टीची बाजू मांडणारे हा मुद्दा सहसा शेवटी, घाईत सांगतात. खरं तर तो पहिला असायला हवा.

व्हर्जिनियाने २०२० मध्ये मतदानाचा दिवस राज्याची सुट्टी केला आणि त्या बदल्यात यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सेनापतींच्या नावाची जुनी सुट्टी काढून टाकली. न्यू जर्सी, डेलावेअर, हवाई अशा राज्यांतही ती सुट्टी आहे. या सगळ्यांपेक्षा वेगळं उदाहरण मोटार कामगारांचं. त्यांच्या युनियनने १९९९ च्या करारात डेट्रॉइटच्या बड्या कंपन्यांकडून मतदानाची पगारी सुट्टी मिळवली. तिथे कारखाना खरोखर थांबतो, कारण सुट्टी कॅलेंडरवर न लिहिता मालकाच्या करारात लिहून घेतली.

राज्यांचे ‘मतदानासाठी वेळ’ देणारे कायदेही आहेत आणि बारकावे तिथेच आहेत. कॅलिफोर्नियात कामाच्या बाहेर पुरेसा वेळ मिळत नसेल तर दोन तासांपर्यंत पगारी सूट मिळते. पण आपल्याला वेळ लागणार हे आधी कळत असेल तर दोन कामाचे दिवस अगोदर सांगावं लागतं, आणि मालकाने हा हक्क सांगणारी सूचना किमान १० दिवस आधी भिंतीवर लावायची असते. न्यूयॉर्कमध्ये पाळीच्या आधी किंवा नंतर, केंद्र उघडं असताना, सलग चार तास मोकळे मिळत असतील तर सूट नाही. नसतील तर दोन तासांपर्यंत पगारी. कागदावर छान. प्रत्यक्षात सूचना कुठेतरी पँट्रीच्या मागे लागलेली असते, आणि महिनाभरापूर्वी लागलेला माणूस साहेबाकडे तोंड उघडत नाही. कित्येक राज्यांत असा कायदाच नाही. शिवाय केंद्र बंद व्हायच्या वेळा: न्यूयॉर्कमध्ये रात्री ९, पेनसिल्व्हेनियात ८, तर इंडियाना आणि केंटकीत चक्क संध्याकाळी ६. इस्पितळात सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी पाळी करणाऱ्या परिचारिकेला केंटकीत मंगळवारी पाळी संपल्यावर मत देताच येत नाही.

आपला कायदा कुठे वेगळा आहे

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये १९९६ साली कलम १३५ब घातलं गेलं. धंदा, व्यापार, उद्योग किंवा इतर कोणतीही आस्थापना असो, तिथे काम करणाऱ्या मतदाराला मतदानाच्या दिवशी सुट्टी, आणि पगार कापायचा नाही. रोजंदारीवरच्या माणसाचा त्या दिवशी खाडा धरायचा नाही, त्याचा रोज द्यायचा. मालकाने मोडलं तर दंड: ५०० रुपयांपर्यंत. अपवाद एकच, ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल असं काम. दंडाचा आकडा आज हसण्यासारखा आहे आणि घरकामाच्या बाईला किंवा नाक्यावरच्या मजुराला हे कलम कितपत पोचतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी कायद्याचा रोख बघा: तो थेट मालकाला बांधतो. अमेरिकेतल्या बहुतेक प्रस्तावांत नेमका हाच धागा सुटलेला असतो.

आणि तरीही सुट्टीने मतदान वाढतंच असं नाही, याचा दाखला मुंबईइतका चांगला दुसरा कुठे मिळणार? २०२४ च्या लोकसभेला मुंबईचं मतदान २० मे रोजी, सोमवारी होतं. शनिवार, रविवार, सोमवार अशी जोडसुट्टी. विधानसभेला निवडणूक आयोगाने मुद्दाम आठवड्याच्या मधला बुधवार, २० नोव्हेंबर, निवडला आणि शहरी अनास्था हे कारणही उघड सांगितलं. मुंबई शहर जिल्हा तरी ५२ टक्क्यांच्या आसपासच राहिला. त्याच दिवशी, त्याच सुट्टीत, कोल्हापूर जिल्हा ७५ च्या पुढे गेला. सुट्टी दोघांना सारखीच होती. कोल्हापूरकडे गावकी होती, घराघरांत माहीत असलेले उमेदवार होते, आणि ‘अजून आला नाहीस?’ म्हणून फोन करणारा कार्यकर्ता होता.

आगाऊ मतदान म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी

अमेरिकन वर्तमानपत्रं सरसकट एकच शब्द वापरतात, म्हणून आधी फोड करू.

पहिली, गैरहजर मतदाराचं टपाली मत. सैन्यात आहे, आजारी आहे, गावाबाहेर आहे, असं कारण देऊन मतपत्रिका घरी मागवायची. ही पद्धत यादवी युद्धापासूनची आहे; १८६४ मध्ये कित्येक राज्यांच्या सैनिकांनी छावणीतून मतं दिली. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये कारण द्यायची अटच काढली, आणि मग बऱ्याच राज्यांनी तेच केलं.

दुसरी, सगळ्यांनाच टपालाने मतपत्रिका. ओरेगॉनने १९९८ च्या जनमत कौलात हे ठरवलं आणि २०००ची अध्यक्षीय निवडणूक तशीच घेतली. मागून वॉशिंग्टन, कोलोरॅडो, यूटा वगैरे आले. न मागता पत्रिका घरी येते.

तिसरी, प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन आधी मत देणं. टेक्ससने १९८७ मध्ये याचा कायदा केला. तिथे साधारणपणे मतदानाच्या आधीच्या सतराव्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत केंद्रं उघडी असतात. जॉर्जियाच्या २०२१ च्या कायद्यात १७ दिवस सक्तीचे आहेत: किमान सकाळी ९ ते संध्याकाळी ५, वाढवायचे तर ७ ते ७, दोन शनिवार बंधनकारक, रविवार मात्र स्थानिक मंडळाच्या मर्जीवर. व्हर्जिनियात ४५ दिवस. २०२४ मध्ये अशी सर्वांसाठीची सोय नसलेली राज्यं तीनच उरली: अलाबामा, मिसिसिपी, न्यू हॅम्पशायर. टेक्सस आणि जॉर्जिया ही नावं पाहिलीत ना? आगाऊ मतदान म्हणजे डेमोक्रॅट पक्षाचं खूळ, हे इतिहासाला धरून नाही.

२०२० मध्ये कोविडच्या काळात सुमारे १६ कोटी मतांपैकी १० कोटींहून जास्त मतं, टपाली आणि प्रत्यक्ष मिळून, मतदानाच्या दिवसाआधीच पडली होती.

एक शंका नेहमी येते: आधी पडलेली मतं फुटत नाहीत का? मतपेट्या आणि यंत्राची मोजणी कुलूपबंद राहते. कुणाला किती मतं हे मतदान संपेपर्यंत जाहीर करत नाहीत. जाहीर होतं ते कुणी मत दिलं याची यादी. काही राज्यांत मतदाराची पक्षनोंदणीही त्या यादीत असते. म्हणून मग टीव्हीवर ‘अमुक पक्षाचे इतके लाख पुढे’ असले अंदाज झळकतात. ती माणसांची मोजदाद असते, मतांची नाही.

मतदान वाढतं का? इथे गोष्ट उलटी फिरते

दिवस वाढवले म्हणजे मतदार वाढतील हे इतकं सरळ वाटतं, की कुणी तपासायलाच जाऊ नये. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बॅरी बर्डन आणि तिघा सहकाऱ्यांनी तपासलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, नुसतं आगाऊ मतदान असलेल्या ठिकाणी एकूण मतदान किंचित कमीच आढळलं. ज्या सुधारणेने खरोखर वाढ दिसली ती होती मतदानाच्याच दिवशी नावनोंदणी करू देणं.

कारण गावात निवडणूक पाहिलेल्या माणसाला लगेच पटेल. मतदानाचा दिवस म्हणजे केंद्राबाहेर १०० मीटरवर टेबल टाकून यादीत खुणा करणारे कार्यकर्ते, शेजाऱ्याच्या बोटावरची शाई, ‘चला, आटोपून येऊ’ म्हणणारी मावशी. एका दिवसाची ही घाई तीन आठवड्यांवर पसरली की पातळ होते. पक्षांनाही माणसं शेवटच्या दिवशी दारोदार पाठवण्याचं कारण कमी उरतं. आगाऊ येतात ते बहुतेक असे, जे एरवीही आले असते: वयस्कर, ठाम, दरवर्षी न चुकणारे. जो डळमळीत आहे त्याला मुदत दिली की तो उद्यावर ढकलतो.

म्हणून आगाऊ मतदान निरर्थक आहे असा निष्कर्ष काढायची घाई मात्र नको. त्याचं काम दुसरं आहे: रांग तोडणं. सगळे मंगळवारी संध्याकाळी पाच ते सात या वेळात आले तर चार तास ताटकळणं ठरलेलं. निम्मे आधीच देऊन गेले तर उरलेल्यांना पंधरा-वीस मिनिटं. यंत्र बिघडलं, वादळ आलं, यादीत नाव सापडलं नाही, तर दुरुस्तीला दिवस हातात असतात. त्या परिचारिकेला केंटकीचे सहा वाजले तरी फरक पडत नाही, तिने शनिवारी मत दिलेलं असतं.

वेळापत्रकातल्या कोणत्या दिवसाला कात्री लागते, यावर म्हणूनच खरी लढाई होते. दक्षिणेत कृष्णवर्णीयांची चर्च रविवारच्या प्रार्थनेनंतर बसगाड्या भरून लोकांना केंद्रावर नेतात. नॉर्थ कॅरोलायनाने २०१३ मध्ये आगाऊ मतदान १७ दिवसांवरून १० वर आणलं, त्यात असा एक रविवार गेला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो कायदा रद्द केला. कोणत्या सोयी कृष्णवर्णीय मतदार वापरतात याची आकडेवारी मागवून नेमक्या त्यांच्यावरच सुरी चालवली, असा न्यायालयाचा ठपका होता.

आगाऊ मतदानाविरुद्धचा सगळ्यात प्रामाणिक युक्तिवाद वेगळाच आहे: प्रचार संपायच्या आत दिलेलं मत अपुऱ्या माहितीवरचं असतं. २०२० मध्ये ३ मार्चला चौदा राज्यांत प्राथमिक फेरीचं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्याचं मतदान होतं. डेमोक्रॅट पक्षातले इच्छुक पीट बुटिजिज १ मार्चला शर्यतीतून बाहेर पडले, एमी क्लोबुशार २ मार्चला. तोवर टपालाने त्यांना गेलेली मतं मोजली गेली, पण हवेत गेली. मोंटानात २०१७ च्या पोटनिवडणुकीत उमेदवार ग्रेग जियानफोर्टे यांनी मतदानाच्या आदल्या संध्याकाळी एका पत्रकाराला जमिनीवर आपटलं. तोपर्यंत बरीचशी मतं टपालाने येऊन पडली होती. जियानफोर्टे निवडून आले. बहुतेक राज्यांत पाठवलेलं मत परत घेता येत नाही. स्वीडनने यावर साधी तोड काढली आहे: आगाऊ मत दिलेल्या माणसाला मतदानाच्या दिवशी आपल्या केंद्रावर जाऊन ते बदलता येतं. ही तोड निघते, कारण आगाऊ आलेलं पाकीट तोवर उघडलेलंच नसतं.

पाकिटात काय बिघडतं

टपाली मताबद्दल बोलणारे फसवणुकीवर फार बोलतात. त्यापेक्षा कितीतरी जास्त मतं साध्या चुकांनी वाया जातात. पेनसिल्व्हेनियाचं पाकीट घ्या.

घरी येतं त्यात मतपत्रिका आणि दोन पाकिटं असतात. पत्रिका काळ्या किंवा निळ्या पेनने भरायची, अंडाकृती खूण पूर्ण काळी करायची. मग घडी घालून आतल्या गुप्ततेच्या पाकिटात घालून ते चिकटवायचं. त्यावर नाव, सही, खूण काहीच नको. ते बाहेरच्या पाकिटात. बाहेरच्या पाकिटावरच्या प्रतिज्ञेखाली सही आणि तारीख. आणि हे सगळं मतदानाच्या दिवशी रात्री ८ च्या आत कार्यालयात पोचायला हवं; टपालाचा शिक्का त्या तारखेचा आहे, हे पुरेसं नाही.

आतलं पाकीट वगळलं तर मत बाद. २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेच तसं ठरवलं. लोक पाकीट वाचवायला म्हणून नाही, दोन कशाला म्हणून वगळतात. सही विसरली, बाद. तारखेच्या जागी सवयीने जन्मतारीख लिहिली, यावरून तर वर्षानुवर्षं खटले चालले. चूक सुधारायची संधी द्यायची की नाही हे काउंटीगणिक (म्हणजे जिल्ह्यागणिक) वेगळं, म्हणजे नदीच्या अल्याड चूक माफ आणि पल्याड मत रद्द.

आपल्याकडे निवडणूक कामावरच्या शिक्षकांचं टपाली मत आठवा: आत मतपत्रिकेचं १३-ब नमुन्याचं पाकीट, बाहेर १३-क, सोबत १३-अ ची साक्षांकित प्रतिज्ञा. मोजणीच्या टेबलावर बाद होणारी पाकिटं बहुधा या १३-अ पाशीच अडतात. पद्धत जवळजवळ तीच, चुकाही त्याच.

दुसरं बिघडतं ते मोजणीत. पाकिटातलं मत मोजायचं म्हणजे सही तपासा, बाहेरचं पाकीट उघडा, आतलं वेगळं करा, मिसळा, उघडा, घडी पडलेली पत्रिका सपाट करा (घडीची पत्रिका यंत्रात अडकते), मग स्कॅन. फ्लोरिडात हे काम काही आठवडे आधी सुरू करता येतं, म्हणून तिथला आकडा मतदान संपताच झळकतो. पेनसिल्व्हेनियाचा कायदा मतदानाच्या दिवशी सकाळी ७ पर्यंत पाकिटाला हात लावू देत नाही. २०२० मध्ये तिथे अशी सुमारे २६ लाख पाकिटं होती. मंगळवारच्या रात्री केंद्रावरची मतं आधी दिसली, त्यांत रिपब्लिकन जास्त. मग चार दिवस पाकिटं उघडत गेली, त्यांत डेमोक्रॅट जास्त. आघाडी पालटताना सगळ्या देशाने पाहिली, आणि ‘रात्रीत मतं कुठून आली?’ हा संशय तिथून उगवला. निकाल शनिवारी, ७ नोव्हेंबरला कळला. पाकिटं सोमवारी उघडू देणारी एक ओळ कायद्यात असती, तर त्या चार दिवसांतला बराच विखार टळला असता. ती ओळ घालायचे प्रयत्न विधिमंडळात अडकले.

मग कायदा का होत नाही?

सुट्टी आणि आगाऊ मतदान, दोन्ही एकत्र असलेलं विधेयक काँग्रेसपुढे आलं होतं. २०१९ मध्ये पहिल्या रूपाला सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी सत्ता बळकावण्याचा डाव म्हटलं. पुढच्या रूपात देशभर किमान दोन आठवडे आगाऊ मतदान आणि निवडणुकीच्या दिवशी सुट्टी होती. जानेवारी २०२२ मध्ये ते सिनेटमध्ये चर्चा थांबवायला लागणाऱ्या ६० मतांपाशी अडलं. निवडणूक चालवणं हे राज्यांचं काम, दिल्लीसारखं वॉशिंग्टनने हुकूम सोडू नये, ही विरोधकांची भूमिका. ती नुसती सबब नाही: अमेरिकेत आपल्या आयोगासारखी सगळीकडे निवडणूक घेणारी एक यंत्रणाच नाही, हजारो काउंट्या आणि गावं आपापली निवडणूक घेतात. आणि १८४५ च्या ‘एकाच दिवशी’चं काय? टेक्ससच्या आगाऊ मतदानावर तसा दावा झाला होता. २००० मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं, की निवडणूक त्या दिवशी पूर्ण झाली म्हणजे झालं, मतं आधी स्वीकारायला हरकत नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र कशा दिसतात ते दक्षिण कोरियात पाहता येतं. तिथे राष्ट्रीय निवडणुकीचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा, आणि २०१४ पासून त्याआधी देशभर दोन दिवस आगाऊ मतदान, तेही देशातल्या कोणत्याही आगाऊ केंद्रावर, पूर्वनोंदणी न करता. जून २०२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ७९ टक्क्यांवर मतदान झालं, आणि मतदारयादीतल्या तिघांतल्या एकाने आधीच मत दिलं होतं. यामागे एकच राष्ट्रीय यादी आणि तिथल्या तिथे मतपत्रिका छापणारं यंत्र आहे.

भारतात सर्वांसाठी आगाऊ मतदान नाही. २०२४ मध्ये ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना १२-ड अर्ज भरून घरून मत देता आलं, तेवढंच. पण टप्प्याटप्प्यांच्या निवडणुकीने आपल्याकडे वेगळ्या तऱ्हेचं आगाऊ मतदान होतंच. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीने १९ एप्रिल २०२४ ला मत दिलं आणि मोजणी झाली ४ जूनला. ४६ दिवस ती यंत्रं स्ट्राँगरूममध्ये. व्हर्जिनियाच्या ४५ दिवसांपेक्षा एक दिवस जास्तच. त्या काळात प्रचार चालूच होता, फक्त दुसऱ्या मतदारसंघांत. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मात्र अजूनही आपल्या केंद्रावर स्वतः यावंच लागतं, पाकीट नाही.

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी मतदारासाठी २०२६ च्या मध्यावधी (अध्यक्षाच्या कार्यकाळाच्या मध्यावर येणाऱ्या) निवडणुकीची तारीख ३ नोव्हेंबर. बऱ्याच राज्यांत नावनोंदणीची मुदत मतदानाच्या महिनाभर आधीच संपते, तेव्हा यादीतलं नाव आणि पत्ता सप्टेंबरातच पाहून घ्यावा; घर बदललं असेल तर नक्कीच. टपाली मत असेल तर शेवटच्या आठवड्यात पोस्टावर विसंबू नये, काउंटीच्या अधिकृत पेटीत किंवा कार्यालयात नेऊन द्यावं. केंद्र बंद व्हायच्या वेळी रांगेत उभे असाल तर हलू नका, मत देता येतं. आपल्याकडे सहा वाजता रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत येतात, तसाच हा हक्क आहे. आणि पेनसिल्व्हेनियात टपाली पत्रिका मागवून नंतर केंद्रावरच जायचं ठरवलंत, तर ती पत्रिका आणि प्रतिज्ञेचं पाकीट दोन्ही सोबत न्या. ते परत दिलं की नेहमीसारखं मत देता येतं. घरी विसरलात तर हातात तात्पुरती मतपत्रिका पडते, आणि टपाली मत आलेलं नाही याची खात्री होईपर्यंत ती बाजूला ठेवली जाते.